भुरीच्या वाटणीचं गवत

डोंगरापलीकडच्या त्या वाडीला अजून सडक आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. शेळ्या व्यायचे दिवस जवळ आले, तशी सोजरबाई तयारीला लागली. नाळेला लावायला हळद-तेल, व्यालेल्या शेळीला गूळ, करडू पुसायला धुतलेली गोणपाटं, सगळं तिने काढून ठेवलं. गोठ्याच्या कोपऱ्यात वाळलं गवत अंथरून ती भुरी शेळीला म्हणाली, "ही तुझी जागा गं, बाई."

आठवड्याने भुरी चरून आली, तर गवतावर खुडूक कोंबडी बसलेली. रोज चोरून घातलेली अंडी ती उबवत होती.

"ऊठ! जागा माझी आहे," भुरीने शिंगं रोखली.

"उठले तर अंडी गार पडतील गं." कोंबडी भ्यायली होती, पण हलली नाही.

भुरी पुढे सरसावली, तेवढ्यात पोटातल्या करडाने लाथ मारली. ती थबकली. मग तिने तोंडभर गवत ओढून घेतलं आणि ते पसरून बाजूच्या उघड्या जमिनीवर अंग टाकलं.

दिवस मावळताना करडू जन्मलं. भुरीने चाटून चाटून कोरडं केलं, तरी ते गार वाऱ्याने कुडकुडत होतं.

"इकडे सरकव त्याला," कोंबडी म्हणाली आणि तिने एक पंख उचलला.

सोजरबाई कंदील घेऊन आली, तेव्हा करडू कोंबडीला बिलगून झोपलं होतं आणि भुरी वाऱ्याकडे पाठ करून दोघांच्या आड उभी होती.

"अगं बाई, मी एकीचीच तयारी केली होती की!" म्हणत ती आणखी गवत आणायला वळली.