ठिबकणारा महादेव

साताऱ्यात तात्यासाहेब खरसुंड्यांच्या घरात वरच्या मजल्यावर हेमलता सासूबाईंसोबत भाड्याने राहत होती. तिच्या न्हाणीघरातला शॉवर रात्रंदिवस ठिबकायचा. प्लंबर यायला तयार होता, पण आधी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करायला हवा होता आणि गच्चीची किल्ली तात्यासाहेबांच्या जानव्याला बांधलेली असायची.

ती पुन्हा किल्ली मागायला गेली, तेव्हा झोपाळ्यावरून न उठताच ते म्हणाले, "अहो, महादेवाच्या डोक्यावर अभिषेकपात्र सतत ठिबकतं. तो कधी कुरकुरतो का? तसंच समजा."

"बरं," हेमलता म्हणाली. "तसंच समजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेब पंचा गुंडाळून मागच्या अंगणातल्या आपल्या न्हाणीघराकडे गेले, तर दाराला आतून कडी. आत हेमलताच्या सासूबाई स्तोत्र म्हणत आंघोळ करत होत्या. बाहेर हेमलता टॉवेल आणि साबण घेऊन उभी.

"हा काय प्रकार आहे?" तात्यासाहेब गरजले.

"वर तुम्हीच महादेव बसवलात. आम्ही शॉवरखाली बेल वाहिला, उदबत्ती लावली. आता देवाच्या गाभाऱ्यात साबण लावून आंघोळ कशी करायची?"

"म्हणजे रोज इथे येणार?"

"देव तिथून उठेपर्यंत."

तात्यासाहेबांनी दात-ओठ खात जानव्याची किल्ली सोडली आणि तिच्या हातावर आपटली. "घ्या. आणि माझ्या आंघोळीचं काय?"

किल्ली पदराला बांधत हेमलता म्हणाली, "वर जा की. अजून ठिबकतंय. तुम्ही कुरकुरला नाहीत म्हणजे झालं."