माड आणि लाल देठांचा पाम

झाडांना बोलायची लाज वाटत नव्हती, त्या काळातली गोष्ट. गोदाकाकींच्या वाडीत माडाशेजारी लालभडक देठांचा एक शोभेचा पाम होता.

“ना तुला नारळ, ना तुझा खराटा होतो. नुसता नटून उभा,” माड त्याला रोज टोमणे मारी.

पण काम आटोपलं, की काकी भाकरी घेऊन पामापाशीच बसत. माडाला ते फार लागलं. त्याने खारीला विचारलं, “मी एवढं देतो, मग माझ्याखाली कुणी का बसत नाही?”

“तुझ्याखाली बसलं, की नारळ पडेल या भीतीने वर बघत बसावं लागतं,” खार म्हणाली. “त्याच्यापाशी नुसतं बघत बसावंसं वाटतं.”

उन्हं कलली, तशी माडाने आपली सावली हळूच पामापाशी बसलेल्या काकींवर धरली.