पाइनच्या शेंड्यावरचा सारस

जपानमधल्या एका रानात, दलदलीच्या काठी, सारसांचे एक जोडपे राहत असे. नुकतेच उडू लागलेले एकुलते एक पिल्लू म्हणजे दोघांचा जीव की प्राण. शेजारच्या देवळात चित्रांचे जुने पडदे होते. त्यांना कसर लागू नये म्हणून पुजारी दर उन्हाळ्यात ते अंगणात वाऱ्याला मांडत. त्यातल्या एका पडद्यावर हिरव्यागार पाइन वृक्षाच्या शेंड्यावर एक सारस ऐटीत बसला होता.

रानातल्या एका कोल्ह्याने बाप सारसाला मुद्दाम ते चित्र दाखवायला नेले. "दादा, बघा तुमचे कूळ! पाइन कधी सुकत नाही आणि सारस म्हणे हजार वर्षे जगतो. दोघांची जोडी म्हणजे दीर्घायुष्य. आणि तुम्ही लेकराला चिखलात वाढवता? शोभते का हे?"

सारसाची मान ताठ झाली. घरी येताच तो पिल्लाला म्हणाला, "चल, आजपासून आपण त्या समोरच्या पाइनवर राहायचे."

"अहो, आपल्या बोटांना फांदी धरता येते का?" आई कळवळून म्हणाली.

"मग चित्रकार काय खुळा होता?"

जवळच ऊन खात पडलेले म्हातारे कासव हसले. "अरे, त्याच पडद्यावर मीही आहे. मला दहा हजार वर्षे दिली आहेत, वर हिरवी झुपकेदार शेपूट! माझी शेपूट पाहिलीस ना? चित्रकाराने शुभेच्छा दिल्या आहेत, बाबा. राहायचा पत्ता नाही दिला."

सारसाने ऐकले नाही. बापाच्या शब्दाखातर पिल्लू उडाले, शेंड्यावर टेकले, आणि बोटे निसटून फांद्यांवर आपटत खाली आले. खाली कोल्हा टपलेलाच होता. "या, दीर्घायुषी बाळ!" म्हणत त्याने झेप घेतली. पण आई चोच उगारून त्याच्यावर तुटून पडली, तिच्या मागोमाग बाप. रक्ताळलेले नाक घेऊन कोल्हा पळत सुटला.

पिल्लाचा एक पंख दुखावला होता. दलदलीत परतल्यावर ते हळूच म्हणाले, "बाबा, मला चित्रातल्यासारखे बसता आले नाही. तुम्ही रागावलात का?"

सारस चिखलात लेकराला खेटून उभा राहिला आणि त्याच्या अंगावर त्याने आपला पंख पांघरला.

तात्पर्य : शुभचिन्ह हा कुणीतरी मनापासून दिलेला आशीर्वाद असतो, त्याला हुकूम समजून आपली लेकरे पणाला लावू नयेत.