हळदीकुंकवाखालची फळी

घंटा झाली की अक्षरं झोपतात. झोपलेल्या अक्षरांना उठवायचं नाही. आणि 'का?' असं तर मुळीच विचारायचं नाही!

पळसझरी गावातली मुलं हे बोबडं बोलायच्या वयापासून ऐकायची. शाळेच्या ओसरीवर एक पितळी घंटा होती, आणि घंटेच्या वर एक जुनी लाकडी फळी. नियम त्या फळीवर लिहिलाय, असं मोठी माणसं सांगत. दर दसऱ्याला ती फळीला हळदीकुंकू लावत. लावून लावून इतका जाड थर बसला होता, की खाली अक्षरं आहेत की मुंग्या, कुणालाच ठाऊक नव्हतं.

याच गावात केवडा राहायची. चिमुकली, टपोऱ्या डोळ्यांची, परकराला सात ठिगळं. तिला वडील नव्हते. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची आणि केवडा बारीक काड्यांनी पानाला पान टोचायची. मांडीवर पत्रावळ आणि समोर पुस्तक! त्यामुळे तिला सगळं झरझर वाचता यायचं.

तिच्या शेजारी बसणाऱ्या सोनबाला मात्र काही केल्या वाचता येत नव्हतं. हौसालाही नाही, मागच्या बाकावरच्या आणखी तिघांनाही नाही. आणि रंगपंचमीला परीक्षा! ज्याला वाचता येणार नाही त्याची पाटी काढून घेणार, कायमची.

"माझी पाटी आता आमच्या शेळीला देतो," सोनबा हसून म्हणाला. "तिला तरी काय कळतंय का बघू." पण बोलताना त्याने पाटी छातीशी घट्ट धरली होती.

"गुरुजींना पुन्हा विचार ना."

"विचारलं की कान पिळतात."

"मग मी शिकवते! घंटेनंतर!"

"अगं, अक्षरं झोपतात ना तेव्हा! आणि मला पाणी भरायचं असतं, हौसाला वासरू आणायचं असतं. सगळं उरकेपर्यंत सूर्य डोंगराआड जातो. दिसणार कसं?"

केवडा विचार करत रानात गेली. तिथे पळस नुसता पेटला होता! केशरी, शेंदरी, लालचुटुक फुलं. आणि एका फुलात कुणीतरी इवल्याशा आवाजात मुसमुसत होतं. केवडाने हळूच पाकळी बाजूला केली. आत बोटभर उंचीची परी! अंगात केशरी झगा, केसांत दवाचे थेंब, आणि झगमगता पंख मधोमध फाटलेला.

"वाऱ्याने फाडला गं," परी म्हणाली. "आता मी उडू कशी?"

"थांब हं, रडू नकोस." केवडाने कोवळ्यात कोवळी काडी निवडली आणि पत्रावळ टोचावी तसा तो पंख टोचून दिला. इतका अलगद, की परीला गुदगुल्याच झाल्या.

परी भिर्रकन उडाली! "माग बाळे, एक इच्छा माग! सोन्याची पाटी देऊ? रेशमी परकर देऊ? नियम दोनच. इच्छा एकदाच मागायची. आणि कुणी विचारलं, तर काहीही लपवायचं नाही. खोटं बोललीस की सगळं विझलं."

केवडाने आपल्या सात ठिगळांकडे पाहिलं. मग सोनबाची पाटी तिच्या डोळ्यांसमोर आली.

"मला संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर थोडा उजेड दे."

"एवढंच?"

"एवढाच खूप झाला!"

त्या दिवसापासून सूर्य डोंगराआड गेला, की परी ओसरीच्या कोनाड्यात येऊन बसायची आणि मधासारखा पिवळाधमक उजेड सांडायचा. पाचही जण कामं उरकून धावत यायचे. पहिल्या दिवशी सगळ्यांनी श्वास रोखून पाटीकडे पाहिलं. अक्षरं काही झोपली नव्हती. टक्क जागी होती!

"घ आणि ध मला सारखेच दिसतात," सोनबा म्हणाला.

"हे बघ. घ म्हणजे घर. त्याला पूर्ण छप्पर. ध च्या छपराला भोक पडलंय, त्यातून धूर बाहेर जातो."

"हात्तिच्या! एवढंच होतं होय?"

मग काय! रोज दोन ओळी, मग चार, मग अख्खा धडा. चुकलं की हसायचं आणि पुन्हा वाचायचं. कान कुणीच पिळायचं नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मात्र गावचे कारभारी सुभानतात्या काठी आपटत आले. मागे गुरुजी, आणि त्यांच्या मागे निम्मं गाव.

"कोण गं ती? अक्षरं कुणी उठवली?"

केवडा पुढे आली. 'आम्ही खेळतोय,' एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण ती ताठ उभी राहिली.

"मी उठवली, तात्या. मी केवडा. मी यांना रोज घंटेनंतर शिकवते. परीकडून उजेड मागून घेतलाय."

"शाब्बास गं, माझी केवडा!" कोनाड्यातून आवाज आला. परी गिरकी घेत वर उडाली, आणि लखकन असा प्रकाश फुटला, की फळीवरचं हळदीकुंकू खपल्याखपल्यांनी खाली गळून पडलं. केशरी ठिणग्या आभाळभर उधळल्या. परी दिसेनाशी झाली. कोनाड्यात राहिला एक पळसफुलासारखा दिवा, तेलाने काठोकाठ भरलेला.

आणि फळीवर अक्षरं! सोनबा टाचा उंचावून वाचू लागला.

"दि-व्या-त तेल नाही. तेल येई-पर्यंत..." तो अडला. मग हसला. "पूर्ण छप्पर! घ! घंटेनंतर शाळा बंद."

गुरुजींनी डोळे चोळले. "सोनबा, तू वाचलंस? अरे, तुझी परीक्षा इथेच झाली! पाटी तुझीच."

"ते राहू द्या," सुभानतात्या गुरगुरले. "तेल असो नाहीतर नसो, नियम तो नियम. चला, घरी जा सगळे. उद्यापासून घंटेनंतर इथे कुणी दिसायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही!"

केवडाने दिव्याची वात वर सारली.

"नाही, तात्या. आम्ही जाणार नाही. उद्याही थांबणार, परवाही थांबणार, ज्याला ज्याला येत नाही त्याला त्याला येईपर्यंत थांबणार. आणि का, ते तुम्ही विचारा ना! मी सांगते."

सुभानतात्यांनी काठी उचलली. गुरुजींकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि काठी हळूच खाली ठेवली. मागचं निम्मं गाव ऐकायला ओसरीजवळ सरकलं. दिव्याच्या उजेडात हौसा धड्यातली पुढची ओळ वाचत होती, ती साऱ्यांना स्पष्ट ऐकू आली.