सोणकने बांधलेली गाठ

फार पूर्वी वाराणसीत सुयाम नावाचा राजा राज्य करीत होता. तेव्हा बोधिसत्त्व काशी देशाच्या सीमेवरच्या एका डोंगरगावात मध काढणाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. गावामागे उंच कडा होता आणि कड्याच्या पोटाला आग्या मोहोळे लागत. बोधिसत्त्व कमरेला दोर बांधून कडा उतरे, पोळ्यातला मधाचा भाग कापून घेई आणि पिलांचा भाग माश्यांसाठी राखून ठेवी. वर दोर धरून बसे तो त्याचा लहानपणापासूनचा मित्र सोणक. त्या गावची रीत अशी, की कमरेची गाठ दोर धरणाऱ्यानेच बांधायची. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, उतरणाऱ्यानेही नाही. गाठ चाचपून पाहणे म्हणजे दोर धरणाऱ्याच्या तोंडावर 'तुझा भरवसा नाही' म्हणणे.

दोघेही म्हातारे झाले. सोणकचे दात पडले, बोधिसत्त्वाचे गुडघे कुरकुरू लागले, तरी चैत्र आला की दोघे कड्यावर जात. संध्याकाळी करंजाखालच्या धोंड्यावर शेजारी शेजारी बसत. फारसे बोलत नसत. बोलायचे ते केव्हाच बोलून झाले होते, आणि सोणकला त्यातच सुख वाटे.

मग पिंगल आला. राजाच्या हत्तीशाळेत जन्म काढलेला हा माहूत म्हातारपणी बहिणीच्या गावी राहायला आला होता. गोष्टी सांगण्याचा त्याला भारी नाद. पहिल्याच संध्याकाळी तो धोंड्यावर येऊन बसला, तोही मधोमध. राणीच्या हत्तिणीने पुरोहिताचे उपरणे कसे गिळले ते त्याने सांगितले आणि बोधिसत्त्व डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

सोणक हसला नाही. 'सारा जन्म मी याच्याशेजारी बसलो,' त्याच्या मनात आले, 'माझ्यासोबत हा असा कधी हसला नाही.'

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जळू लागले. बोधिसत्त्व पिंगलच्या घराकडे वळला की सोणकला नेमके दिसे. वळला नाही तर आता वळेल म्हणून तो अंगणात खिळून बसे. पिंगलचा खोकलासुद्धा त्याला मुद्दाम काढलेला वाटे. हंगामातल्या पहिल्या पोळ्याचा तुकडा बोधिसत्त्वाने पळसाच्या पानावर ठेवून पिंगलला दिला, त्या दिवशी तर सोणक जेवायलाच उठला नाही.

"बाबा, भात निवला," त्याची मुलगी पाटला म्हणाली.

"पहिला तुकडा माझा असतो. या साली त्याला दिला. काल आलेल्याला!"

"आणि तुम्हाला काय दिलं?"

"वाटीत मध."

"फडक्यातून गाळलेला. मागच्या साली मेण हिरड्यांना चिकटलं तेव्हा अख्खं गाव जागवलंत तुम्ही. म्हणून काका दुपारभर बसून गाळत होते. दात उरलेत का तोंडात? तुकडा काय कपाळाला लावणार होतात?"

"तू लहान आहेस. तुला नाही कळायचं."

"मला तीन लेकरं आहेत, बाबा. धाकट्याला कडेवर घेतलं की थोरलीही असंच तोंड फुगवते. ती निदान झोपून उठली की विसरते!"

सोणक भिंतीकडे तोंड करून बसला. मुलीचे म्हणणे पटले होते, म्हणून तर राग आणखी वाढला.

हंगामातले शेवटचे पोळे काढायच्या दिवशी पिंगलही कड्यावर आला. बोधिसत्त्वाने हात वर केले. सोणक त्याच्या कमरेला दोर बांधू लागला. पिंगल कसल्याशा माजलेल्या हत्तीची गंमत सांगत होता, बोधिसत्त्व गालात हसत होता, आणि सोणकचे डोळे दोराऐवजी त्या हसण्यावर लागले होते. गाठ बांधून झाली.

पिंगल पुढे आला. "सोणकदादा, रागावू नका, पण बांधताना दोराकडे लक्ष नव्हतं तुमचं. जरा गाठ बघू?"

सोणकच्या डोक्यात रक्त चढले. पण त्याने काही म्हणण्याआधीच बोधिसत्त्वाने पिंगलचा हात बाजूला केला. "सोणकने बांधली आहे," एवढेच तो म्हणाला आणि कड्यावरून खाली उतरू लागला.

सोणकची छाती फुलली. त्याने पिंगलकडे असे पाहिले, की जणू राज्य जिंकले. आणि तेवढ्यात त्याच्या हातांना आठवले. कमरेभोवती दोराचे दोन वेढे द्यायचे असतात. त्याने एकच दिला होता. एका वेढ्याची गाठ भार पडला की सुटते.

हाक मारावी, तर पिंगल खरा ठरतो. न मारावी, तर? खाचा आहेत, झाडांची मुळे आहेत, कदाचित तो नीट उतरेलही. एक श्वासभर सोणकचे तोंड मिटलेलेच राहिले. इतक्या वर्षांत त्याला कड्याची भीती वाटली नव्हती. त्या श्वासात त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"गड्या, थांब!" तो ओरडला. "भार टाकू नकोस! गाठ चुकली माझी! दोर मनगटाला गुंडाळ, वर ओढतो!"

त्याने ओढले, पण म्हातारे दंड पुरेनात. "पिंगल, बघतोस काय? धर की दोर!"

ज्या दोराला सोणकने कधी कोणाला शिवू दिले नव्हते, तो पिंगलने मागून घट्ट धरला. दोघांनी मिळून बोधिसत्त्वाला वर घेतले.

तिघेही धापा टाकत होते. सोणकची मान वर होईना. बोधिसत्त्वाने गुडघ्यांची माती झटकली, तो सोणकपुढे उभा राहिला आणि त्याने पुन्हा हात वर केले.

"बांध."

"अरे, आता तरी गाठ बघू दे!" पिंगलला राहवले नाही.

"आता तर मुळीच नको," बोधिसत्त्व म्हणाला. "आज याच्याइतकी पक्की गाठ साऱ्या काशीत कोणी बांधणार नाही."

संध्याकाळी तिघे धोंड्यावर बसले. सोणकने हळूच विचारले, "एकच वेढा आहे हे तुला कमरेला कळलं नाही?"

"कळलं. म्हणून तर पहिल्याच खाचेत पाय रोवून, मूळ धरून उभा होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलायचं तू होतास. तू हाक मारणार हे मला ठाऊक होतं." बोधिसत्त्व गुडघे चोळू लागला. "थोडा उशीर केलास मात्र. पाय भरून आले."

सोणकने जरा सरकून पिंगलला नीट बसायला जागा दिली. "ते उपरण्याचं पुन्हा सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं."

शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ही कथा एका वृद्ध भिक्षूला सांगितली. वर्षानुवर्षे शास्त्याचे भिक्षापात्र हा भिक्षूच वाहत असे. एके दिवशी नव्या भिक्षूने ते उचलले, आणि हा विहारामागे जाऊन रुसून बसला. कथा सांगून झाल्यावर शास्ता म्हणाला, "तेव्हाचा सोणक तो तूच. पिंगल म्हणजे हा नवा भिक्षू. पाटला म्हणजे सकाळी तुला बोलवायला आलेली उपासिका, तिची जीभ या जन्मीही तशीच आहे. आणि कडा उतरणारा मी होतो." एवढे बोलून त्याने आपले पात्र त्या वृद्धाच्या हाती दिले.

मित्राची चूक दिसत असतानाही ती सुधारायला त्याला अवसर देणारी ही मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता होय.