टिंबूची शेपटी ठरेना

खाडीत होतं गवत.

हो हो, पाण्यात गवत! खाडीच्या तळाशी उगवतं, ते समुद्रगवत. हिरवंगार, लांब लांब. पाणी हललं की तेही हलायचं. डुल डुल, डुल डुल.

त्या गवतात राहायचा टिंबू. टिंबू होता समुद्रघोडा. केवढा? तुझ्या करंगळीएवढा! त्याला हात नाहीत. पाय नाहीत. फक्त एक शेपटी. टिंबू काय करायचा? गवताच्या पात्याला शेपटी गुंडाळायचा. गच्च! मग भरती येवो, ओहोटी येवो. टिंबू आपला जागच्या जागी.

पण काल काय झालं? पाणी झालं गढूळ. चहासारखं! आजही गढूळच. इकडे दिसेना, तिकडे दिसेना. गवतावर चढला गाळ. गवत झालं मळकट. गवत झालं बुळबुळीत. आज तर गवत आडवंच पडलं.

टिंबूने शेपटी गुंडाळली. सुळ्ळ! सुटली.

दुसऱ्या पात्याला गुंडाळली. सुळ्ळ! सुटली.

तिसऱ्या पात्याला... सुळ्ळ!

टिंबू घाबरला. बसू कुठे? निजू कुठे? थोड्या वेळाने ओहोटी येणार. ओहोटी आली की खाडीचं पाणी पळत सुटतं समुद्राकडे. ज्याने काही धरलं नाही, त्याला घेऊन जातं. लांब लांब, खोल समुद्रात. तिथे टिंबूचं कोण आहे? कुणी नाही!

टिंबू म्हणाला, "गवता गवता, ऊठ ना!
माझी शेपटी ठरेना.
ओहोटी येईल, मला घेऊन जाईल!"

गवत म्हणालं, "कसं उठू रे बाळा? ऊन हे माझं जेवण. कालपासून मी उपाशी. ऊन आलं तर मी उठेन."

टिंबू निघाला. डुलूक डुलूक, डुलूक डुलूक. वर गेला, उन्हाकडे गेला.

"उन्हा उन्हा, खाली ये ना!
गवत उठेना,
माझी शेपटी ठरेना.
ओहोटी येईल, मला घेऊन जाईल!"

ऊन म्हणालं, "मी तर केव्हाचं दारात उभं आहे. पण मधे हा गाळ! मला आत सोडत नाही. गाळ बसला तर मी येईन."

टिंबू निघाला. डुलूक डुलूक, डुलूक डुलूक. गाळाकडे गेला. गाळ फिरत होता गरगर, गरगर.

"गाळा गाळा, खाली बस ना!
ऊन येईना,
गवत उठेना,
माझी शेपटी ठरेना.
ओहोटी येईल, मला घेऊन जाईल!"

गाळ म्हणाला, "मला काय हौस आहे फिरायची? मी छान झोपलो होतो तळाशी. पाण्याने मला उठवलं. पाणी निजलं तर मी बसेन."

टिंबू निघाला. डुलूक डुलूक, डुलूक डुलूक. पाण्याकडे कसा गेला? पाणी तर सगळीकडेच! तिथेच ओरडला,

"पाण्या पाण्या, नीज ना!
गाळ बसेना,
ऊन येईना,
गवत उठेना,
माझी शेपटी ठरेना.
ओहोटी येईल, मला घेऊन जाईल!"

पाणी म्हणालं, "निजू कसं? तो पंखा बघ! होडीच्या खाली फिरतोय. मला ताकासारखं घुसळतोय. पंखा थांबला तर मी निजेन."

टिंबू निघाला. डुलूक डुलूक, डुलूक डुलूक. पंख्याकडे गेला. पण फार जवळ नाही गेला हं! लांबूनच ओरडला,

"पंख्या पंख्या, थांब ना!
पाणी निजेना,
गाळ बसेना,
ऊन येईना,
गवत उठेना,
माझी शेपटी ठरेना.
ओहोटी येईल, मला घेऊन जाईल!"

पंखा म्हणाला, "भर्रर्र! भर्रर्र! मी का आपणहून फिरतो? वर बाबलकाका बसलाय. त्याने इंजिन चालू केलं, मी फिरलो. त्याने ऐकलं तर मी थांबेन. भर्रर्र!"

टिंबू निघाला. डुलूक डुलूक, डुलूक डुलूक. वर, वर, अगदी वर. पाण्यातून तोंड काढलं. होडीत बसला होता बाबलकाका. होडी मारत होती गोल गोल फेऱ्या.

"बाबलकाका, ऐक ना!
पंखा थांबेना,
पाणी निजेना,
गाळ बसेना,
ऊन येईना,
गवत उठेना,
माझी शेपटी ठरेना.
ओहोटी येईल, मला घेऊन जाईल!"

बाबलकाका म्हणाला, "मी काय उगाच फिरतंय? माझां चेडू रडता हा! तां गप रवलां की मी इंजिन बंद करतंय."

चेडू म्हणजे त्याची पोर, यमू. होडीच्या काठाला बसली होती. एक हात पाण्यात, एक हात डोळ्यांवर. आणि तोंड? तोंड हे एवढं उघडं!

टिंबू निघाला. डुलूक डुलूक, डुलूक डुलूक. यमूकडे गेला.

"यमू यमू, गप्प हो ना!
बाबलकाका ऐकेना,
पंखा थांबेना,
पाणी निजेना,
गाळ बसेना,
ऊन येईना,
गवत उठेना,
माझी शेपटी ठरेना.
ओहोटी येईल, मला घेऊन जाईल!"

यमू म्हणाली, "भ्यांऽऽ! माझां पैंजण पाण्यात पडलां! काल पडलां! बाबा सोधता, सोधता, गावताच नाय! पैंजण गावलां की मी गप रवतलंय. भ्यांऽऽ!"

बाबलकाका म्हणाला, "रडां नको गो बाय! आणखी एक फेरी मारतंय!" आणि मारली की आणखी एक फेरी. भर्रर्र!

आता सांग बघू, असं ढवळून काही सापडतं का? शोधतोय बाबलकाका, आणि गढूळही करतोय बाबलकाकाच! पण त्याला सांगणार कोण?

टिंबूने विचारलं, "पैंजण आहे कुठे?"

खालून गाळ म्हणाला, "इथेच असेल कुठेतरी. मी बसलो की दिसेल."

टिंबू म्हणाला, "मग बस ना!"

गाळ म्हणाला, "पाणी निजलं तर!"

पाणी म्हणालं, "पंखा थांबला तर!"

पंखा म्हणाला, "बाबलकाकाने ऐकलं तर!"

बाबलकाका म्हणाला, "चेडू गप रवलां तर!"

यमू म्हणाली, "पैंजण गावलां तर! भ्यांऽऽ!"

अरे देवा! टिंबूचं डोकं गरगरलं. जिथून निघाला, तिथेच आला!

आणि तेवढ्यात...

सर्रर्र!

आली! ओहोटी आली! पाणी पळायला लागलं. टिंबूला ओढायला लागलं. टिंबूने होडीच्या लाकडाला शेपटी लावली. सुळ्ळ! दोरीला लावली. सुळ्ळ!

"आई गंऽऽ!" टिंबू ओरडला. "मी चाललो!"

सर्रर्र! सर्रर्र! आता काय धरू? आता काय धरू? समोर काहीतरी दिसलं. छोटंसं, गोल, मऊ मऊ. टिंबूने डोळे मिटले. शेपटी गुंडाळली.

गच्च!

ते होतं यमूचं बोट.

यमू म्हणाली, "भ्यां..."

आणि थांबली. बोटाला गुदगुल्या झाल्या! यमूने पाण्यात पाहिलं. बोटावर एक घोडा! इवलासा घोडा! तो थरथर कापत होता.

यमू एकदम गप्प झाली.

बाबलकाका दचकला. "काय झालां गो?"

"श्शूऽऽ!" यमू हळूच म्हणाली. "बाबा, इंजिन बंद कर. माझ्या बोटाक बाळ बसलां हा. तां भियाता."

आणि मग काय?

यमू गप्प झाली, बाबलकाकाने ऐकलं.
बाबलकाकाने ऐकलं, पंखा थांबला.
पंखा थांबला, पाणी निजलं.
पाणी निजलं, गाळ बसला. हळू... हळू... हळू...
गाळ बसला, ऊन आलं. थेट तळापर्यंत आलं!
ऊन आलं, गवत...

गवत उठलं का?

नाही. कालपासूनचं उपाशी ना ते! एकदम कसं उठेल?

यमू वाट बघत बसली. बाबलकाका वाट बघत बसला. कुणी हललं नाही. कुणी बोललं नाही. पाणी आलं हळूच, पात्यांवरचा गाळ धुऊन गेलं. ऊन आलं हळूच, पात्यांना भरवून गेलं.

आणि एक पातं उठलं. एकच! बाकीची उठणार उद्या, परवा, तेरवा.

पण टिंबूला एकच तर हवं होतं!

ओहोटीने पाणी उतरलं होतं. यमूने हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत घातला. खांद्यापर्यंत घातला. बाबलकाकाने तिला मागून घट्ट धरलं. बोट गेलं पात्याजवळ.

"जा रे बाळा," यमू म्हणाली.

टिंबूने बोट सोडलं. पात्याला शेपटी गुंडाळली. सुळ्ळ झालं का? नाही झालं!

गच्च!

"बाबा! थंय बघ!" यमू ओरडली. गवताच्या मुळाशी काहीतरी चमकत होतं. बाबलकाकाने वल्ह्याच्या टोकाने अलगद उचललं. गाळ उठू दिला नाही. छुम! छुम! पैंजण!

यमू हसली. पण बाबलकाका हसला नाही. तो आडव्या पडलेल्या गवताकडे बघत राहिला.

"ह्यां मीच केलां," तो म्हणाला. मग त्याने पंखा वर उचलून ठेवला आणि हातात वल्हं घेतलं. चुबुक, चुबुक. होडी निघाली घरी. त्या दिवसापासून गवत आलं की इंजिन बंद, वल्हं चालू.

आणि टिंबू?

ओहोटीने ओढून पाहिलं. सर्रर्र! टिंबू डुलला, पण सुटला नाही. आणखी ओढलं. सर्रर्र! टिंबूने जांभई दिली.

ओहोटी गेली समुद्राला, टिंबू राहिला गवताला.