घडी न मोडलेली पैठणी

पेशवाईतली गोष्ट. एका बाजारगावात चिमाबाई नावाची बाई राहायची. कामाला वाघ, हाताला चव, सगळं बरं. पण धाकटी जाऊ अनुबाई हिचं काही चांगलं झालं की हिच्या पोटात दुखायचं. अनूची भाकरी टम्म फुगली तरी दुखायचं. आता याला काय औषध?

एकदा दोघी तिपण्णाशेटच्या कापडदुकानात गेल्या. शेटने बैठकीवर लुगडी पसरली. अनूने एक हिरवी पैठणी निवडली आणि शुक्रवारी, चांगल्या दिवशी नेते म्हणून तिथेच बाजूला ठेवायला सांगितली. चिमाबाईने तोंडभर कौतुक केलं. घरी आल्यावर मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ही पैठणी नेसून मिरवणार, आणि आपण थोरल्या असून जुनेर नेसून बसणार!

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली. हे दाखवा, ते दाखवा करत तिने शेटला चांगलंच नाचवलं. बैठकीवर लुगड्यांचा ढीग झाला. शेट फडताळाकडे वळला, तशी तिने बाजूला ठेवलेली पैठणी उचलली आणि शालीखाली काखेत दाबली. एकही मनाला येत नाही म्हणून नाक मुरडलं आणि घरी येऊन पैठणी पेटीच्या तळाशी घातली. आपल्याला ती गावात नेसता यायची नाही, हे तिला कळत होतं. पण अनूला तर मिळणार नाही ना? मग झालं तर!

शुक्रवारी अनू रिकाम्या हाताने परतली. डोळे भरलेले. चिमाबाई त्या पेटीवरच बसली होती. शेटने सगळं दुकान पालथं घातलं, शेवटी हात जोडले आणि दुसरी कुठलीही घेऊन जा म्हणाला, असं अनूने सांगितलं.

"मग घ्यायची दुसरी," चिमाबाई म्हणाली. "एका लुगड्यासाठी रडतेस काय?"

"माझ्यासाठी नाही रडत, जाऊबाई. संक्रांतीला तिची घडी तुम्ही मोडायची होती. तुमच्या अंगावर खुलेल म्हणून तर हिरवी निवडली."

नवं लुगडं आधी आपण नेसायचं नाही, ज्या बाईवर आपली माया तिला पहिल्यांदा नेसायला द्यायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. सख्ख्या बहिणी असताना अनूने हा मान चिमाबाईला ठेवला होता. पेटी उघडावी तर चोर ठरणार. ती बसली तिथून उठलीच नाही.

संक्रांतीला दोघी जुनेरं नेसून शेजारी बसल्या. येईल त्या बाईला अनू सांगत होती, यंदा आमच्या जाऊबाई पैठणीत दिसायच्या होत्या. चिमाबाई मान खाली घालून तिळगूळ वाटत राहिली.

तात्पर्य: मत्सरी माणूस दुसऱ्याच्या पुढचं ताट ओढायला जातो, आणि आपल्यासाठी वाढलेलंच उपडं करून बसतो.